हार घालणाऱ्यांनो, ते भाषणही वाचा

दर वर्षी पाच डिसेंबरच्या दुपारपासून आमच्या माहीमच्या रस्त्यांवर पांढऱ्या साड्या दिसू लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या बायका, कडेवर पोर, डोक्यावर बोचकं, दादरच्या चैत्यभूमीकडे चाललेल्या असतात. सहा तारखेला सकाळी मोटारींचा ताफा येतो. सगळ्या पक्षांचे पुढारी उतरतात, हार घालतात, हात जोडतात, फोटो निघतो. मग मोटारी परत जातात आणि बायका तशाच रांगेत उभ्या राहतात.

मला या हार घालणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायचा आहे. ज्यांना हार घातलात त्यांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात काय सांगितलं, ते तुम्ही वाचलं आहे का?

मैत्रिणींनो, आधी कबूल करते, मीही वाचलं नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. करताना १९६१ चा मातृत्वलाभ कायदा कलमांसकट पाठ केला, परीक्षेत लिहिला, मार्क मिळवले. त्या कायद्याची आजी असलेला १९२९ चा मुंबई कायदा कसा झाला आणि त्यावर कौन्सिलात कोण काय बोललं, हे कोणी वाचायला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे एका बाईमुळे मला ते शोधावं लागलं. तिची गोष्ट आधी सांगते.

ती माहीमला तीन घरी काम करायची. दोन ठिकाणी धुणीभांडी, एका ठिकाणी स्वयंपाक. स्वयंपाकाच्या घरातल्या वहिनी बँकेत अधिकारी. त्या बाळंत झाल्या तेव्हा हिला सातवा महिना होता. वहिनींसाठी अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा हे सगळं हिनेच केलं. वहिनींना २६ आठवड्यांची भरपगारी रजा होती, आणि ती असायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे ही बाळंत झाली. सिझेरियन झालं. सतराव्या दिवशी टाके ओले असताना ती कामावर हजर झाली, तर तिन्ही घरी 'बदली' बाई कायम झाली होती. एका घराने तर आधीच्या महिन्यातले खाडेसुद्धा कापून पैसे दिले होते.

ती मला म्हणाली, "ताई, वहिनी सहा महिने घरी होत्या, त्यांचा पगार खात्यात येत होता. मी सतरा दिवस घरी राहिले तर माझं काम गेलं. बाळंतपण दोघींचंच ना?"

मी तावातावाने त्या वहिनींकडे गेले. त्या काही दुष्ट बाई नाहीत. त्या म्हणाल्या, "मला मान्य आहे, वाईट झालं. पण मी एकटीने तिचा सहा महिन्यांचा पगार भरायचा आणि शिवाय दुसरी बाई लावायची, हे मला कसं परवडणार? माझी रजा काही माझ्या साहेबाने खिशातून दिलेली नाही." मी निरुत्तर झाले. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. बाळंतपणाचा खर्च कोणी करायचा? आणि याच प्रश्नाचं उत्तर बाबासाहेबांनी त्या भाषणात दिलेलं आहे.

१९२६ च्या अखेरीस डॉ. आंबेडकरांची मुंबई कायदे कौन्सिलवर नेमणूक झाली. ते सरकारनियुक्त सभासद होते. आजच्या भाषेत सांगायचं तर निवडून न आलेले, सरकारने बसवलेले. अशा माणसाने सरकारची री ओढावी अशीच अपेक्षा असते. तेव्हा ते परळच्या दामोदर हॉलमध्ये बसून काम करत, राहायला परळच्याच चाळीत. आजूबाजूला सगळी गिरणी वस्ती. १९२८ च्या त्या जुलैमध्ये मुंबईच्या गिरण्या बंद होत्या, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला मोठा संप सुरू होता. त्या काळात गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. बाळंतपणाला कोणी गावी जायची, कोणी शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात उभी राहायची. परत कामावर येताना तान्ह्याने रडू नये म्हणून अफूची बाळगोळी द्यायची. ही गोष्ट सरकारी अहवालांतही नोंदलेली आहे.

त्याआधी ना. म. जोशींनी १९२४ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या मदतीचं बिल मांडून पाहिलं होतं. ते फेटाळलं गेलं. मग मुंबईत रा. सं. आसवले यांनी बिल आणलं. त्यावर तेच जुने आक्षेप निघाले. धंदा बुडेल, बोजा पडेल, मुंबईच्याच गिरण्यांनी का सोसायचं.

बाबासाहेबांचं त्या दिवसाचं भाषण जेमतेम दोन पानांचं आहे. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या दुसऱ्या खंडात ते कोणालाही वाचता येतं. त्यात तीन मुद्दे आहेत. पहिला, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. दुसरा, म्हणूनच याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचं कल्याण सांभाळणं हे मुख्यतः सरकारचं काम आहे. तिसरा, पण सरकार उचलत नाही तोवर मालकालाही यातून सुटका नाही. तो बायकांना कामावर ठेवतो ते उपकार म्हणून ठेवत नाही, पुरुषांपेक्षा त्यांच्याकडून त्याला जास्त फायदा मिळतो म्हणून ठेवतो. फायदा घेतो त्याने भारही सोसावा.

सरकारने नेमलेला एक सभासद सरकारच्या समोर उभा राहून म्हणतो, हा खर्च मुळात तुमचा आहे. आज राज्यसभेत आणि विधान परिषदेत नेमलेले, निवडलेले, पक्षाने पाठवलेले इतके सभासद बसतात. त्यांच्यापैकी किती जणांनी बाळंतिणीच्या खर्चाबद्दल असं सरळ वाक्य उच्चारलं आहे?

कायदा १९२९ मध्ये झाला. या देशातला असा पहिला कायदा, आणि तो आपल्या मुंबई इलाख्याचा. दिवसाला आठ आणे मिळायचे. पण त्यात बाबासाहेबांचा तिसरा मुद्दा तेवढा आला, दुसरा गळाला. पैसे मालकाने द्यायचे, सरकारने काही नाही. मग मालकांनी काय केलं? लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयाच्या बायका घेणं कमी केलं. याच्या जोडीला रात्रपाळीची बंदी आली, नवी यंत्रं आली, 'रॅशनलायझेशन'च्या नावाखाली बायकांची खाती आक्रसली. पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांतल्या बायका शंभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. १९८२ चा संप झाला तेव्हा लालबाग-परळच्या कितीतरी घरांत आजी गिरणीत होती, सून मात्र खानावळ चालवत होती.

यावर काही शहाणे म्हणतात, बघा, बायकांना सवलती मागितल्या की असंच होतं. मी म्हणते, नाही. विश्रांतीने बायकांची नोकरी घालवलेली नाही. विश्रांतीचं बिल एकट्या मालकाच्या नावावर फाडलं, आणि मालकाने बिल चुकवायला बाईच काढून टाकली. इलाज बिल फाडण्याच्या पद्धतीत आहे.

हे जगाला फार पूर्वी कळलेलं आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा बाळंतपणाबाबतचा पहिला करार १९१९ चा. त्यात मदत सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून द्यावी असंच म्हटलं आहे. १९५२ आणि २००० च्या करारांत तर एकट्या मालकावर हा खर्च टाकू नये हे तत्त्वच घातलेलं आहे. यातल्या एकाही करारावर भारताने शिक्कामोर्तब केलेलं नाही.

आणि आपल्याकडे तसा नमुनाही आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना प्रा. अडारकरांचा आरोग्यविम्याचा अहवाल तयार झाला, त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. मालक थोडं भरतो, कामगार थोडं भरतो, आणि बाळंतपणाचा पगार त्या निधीतून मिळतो. परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात जाऊन पाहा, जुन्या कामगार बायका अजून त्याला 'आमचं ईएसआय' म्हणतात. मालकाला त्यात बाई परवडेनाशी होत नाही, कारण तिचं बाळंतपण त्याच्या एकट्याच्या गल्ल्यातून जात नाही. पण ईएसआयला पगाराची मर्यादा आहे, दहा कामगारांची अट आहे. माझी ती घरकामगार मैत्रीण त्याच्या दारातही जाऊ शकत नाही.

आता २०१७ कडे येऊ. बारा आठवड्यांची रजा २६ आठवडे करणारं बिल राज्यसभेत ऑगस्ट २०१६ मध्ये मंजूर झालं, लोकसभेत ९ मार्च २०१७ ला, म्हणजे महिला दिनाच्या दुसऱ्या दिवशी. टेबलं वाजली. कॅनडा आणि नॉर्वेनंतर जगात आपणच, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. आणि मैत्रिणींनो, इथे मला आपल्यालाही दोष द्यायचा आहे. आपणही पेढे वाटले. आमच्याच बैठकीत एका जुन्या कार्यकर्तीने विचारलं होतं, "पैसे कोण देणार?" आम्ही म्हटलं, आज आनंदाचा दिवस आहे, ते नंतर बघू. ते नंतर बघणं राहून गेलं.

पैसे पुन्हा मालकानेच द्यायचे होते. लाभ किती जणींना, तर सरकारच्याच सांगण्यानुसार संघटित क्षेत्रातल्या सुमारे १८ लाख बायकांना. या देशात बाळंत होणाऱ्या बायका दर वर्षी कोटींनी असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाने वाढीव चौदा आठवड्यांपैकी सात आठवड्यांचा पगार मालकांना परत देण्याची योजना जाहीर केली. म्हणजे चूक कुठे झाली हे सरकारला कळलं होतं. पण त्या योजनेतून पैसे परत मिळाले असं सांगणारा एकही लहान मालक मला आजवर भेटलेला नाही. मला भेटतात त्या मुलाखतीत "लग्न झालंय का? मूल कधी?" असं विचारलं गेलेल्या मुली. एका खासगी क्लासने आमच्या एका मुलीला सरळ सांगितलं, "दोन वर्षं तरी काही नको असं लिहून द्या."

आणि २०२०? सप्टेंबरच्या २३ तारखेला राज्यसभेत तीन श्रमसंहिता एकाच दिवशी मंजूर झाल्या. विरोधी बाकं रिकामी होती, आठ सभासदांच्या निलंबनावरून विरोधकांनी बहिष्कार टाकला होता. सामाजिक सुरक्षा संहितेत १९६१ चा मातृत्वलाभ कायदा विलीन झाला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. बाळंतपणाचा खर्च कोणी करावा यावर त्या दिवशी विरोधातून उठून बोलायला सभागृहात कोणी नव्हतं. ज्यांनी घाई केली ते दोषी आहेतच. पण जे उठून गेले त्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. गिरण्या बंद असताना, बाहेर संप पेटलेला असताना एक माणूस आत उभा राहून दोन पानांचं बोलला. ते बोललेलं छापलं गेलं, म्हणून आज मी ते तुमच्यापुढे ठेवू शकते. बहिष्काराला इतिवृत्तात मुद्दे नसतात.

त्या संहितेत असंघटित कामगार बाईसाठी काय आहे? सरकार योजना आखेल, असं वाक्य आहे. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यातही हेच वाक्य होतं. आपल्या महाराष्ट्रात २००८ चाच घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात बाळंतपणाच्या मदतीची तरतूदही लिहिलेली आहे. नोंदणीची वही घेऊन मी वस्तीत गेले की बायका विचारतात, "ताई, यातून मागच्या वेळी कोणाला मिळालं?"

उरली प्रधानमंत्री मातृवंदना योजना. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. योजनेने त्याचे पहिल्या मुलापुरते ५,००० केले. आता दुसऱ्यांदा मुलगी झाली तर ६,००० मिळतात, मुलगा झाला तर काही नाही. वाईटातली गंमत बघा, मुलगी व्हावी म्हणून नवस करायची वेळ सरकारने आणली, पण दुसऱ्या मुलाच्या आईच्या टाक्यांना विश्रांती नको असं समजायचं का? ५,००० ला २६ आठवड्यांनी, म्हणजे १८२ दिवसांनी भागा. दिवसाला २७ रुपये येतात. माहीम स्टेशनबाहेर एवढ्यात एक वडापाव आणि एक कटिंग, तेही जेमतेम.

तुम्ही म्हणाल, सरकारकडे पैसा कुठे आहे? हे १९२८ मध्येही म्हणत होते. तामिळनाडूकडे बघा. तिथल्या सरकारी योजनेत बाळंतिणीला रोख आणि पोषणाचं साहित्य मिळून १८,००० रुपये दिले जातात. त्या योजनेला नाव आहे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचं. बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात होते त्याच वर्षांत या बाई मद्रासच्या कौन्सिलात होत्या, तिथल्या उपाध्यक्षा होत्या. तिथे कौन्सिलातल्या बाईच्या नावाने बाळंतिणीच्या हातात पैसे पडतात. इथे कौन्सिलातल्या बाबासाहेबांच्या नावाने पुतळ्याच्या गळ्यात हार पडतात.

माझ्यावर एक आक्षेप येईल, तो मीच मांडते. बाबासाहेब सगळीकडे बरोबरच होते का? कोळशाच्या खाणीत बायकांना जमिनीखाली उतरवण्यावर बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये ती उठवली गेली आणि मजूर खात्याचे सभासद म्हणून फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी त्या निर्णयाचा बचाव केला. देशभरच्या स्त्री संघटनांनी विरोध केला होता. तो विरोध योग्य होता, असं माझं मत आहे. १९४६ मध्ये बंदी परत आली. पण तेव्हाही त्यांनी बायकांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचं तत्त्व सभागृहात ठासून सांगितलं. माझा मुद्दा इतकाच आहे की ते उभे राहिले, कारणं दिली, उलट प्रश्न ऐकले. म्हणून आज आपण त्यांच्याशी सहमत होऊ शकतो, भांडूही शकतो. देवाशी भांडता येत नाही, म्हणून तर यांना त्यांचा देव करायचा आहे.

हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडलं, हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. त्यानंतरच्या निवडणुकीत याच मुंबईने, १९५२ साली, त्यांना पाडलं, हे आपण सांगत नाही. मग ते राज्यसभेत गेले आणि १९५६ मध्ये जाईपर्यंत तिथे बोलत राहिले. ज्या वरच्या सभागृहात ते बसत, त्याच सभागृहाने २०२० मध्ये बाळंतिणीचा कायदा रिकाम्या बाकांसमोर उरकला.

तेव्हा मैत्रिणींनो, मागण्या स्पष्ट करू या.

बाळंतपणाचा पगार सार्वजनिक निधीतून आणि विम्यातून द्या. एकट्या मालकावर टाकू नका, आणि त्याला पूर्ण सोडूही नका, त्याने निधीत आपला वाटा भरावा. घरी बाई ठेवणाऱ्यांनीही महिन्याला थोडी वर्गणी भरावी, मग त्या वहिनींना "मी एकटी कशी भरू" म्हणावं लागणार नाही.

लाभ प्रत्येक बाळंतिणीला द्या. घरकामगार असो, कोळीवाड्यात मासळी विकणारी असो, धारावीत घरी बसून शिलाई करणारी असो. पहिलं मूल की दुसरं, मुलगा की मुलगी, हा प्रश्न टाक्यांना विचारू नका.

पालिकेच्या प्रत्येक वॉर्डात सार्वजनिक पाळणाघर काढा. पन्नास कामगारांची अट घातलेलं पाळणाघर आमच्या वस्तीत कधीच येणार नाही.

आणि चौथी मागणी आपल्याच स्वतःकडे. यापुढे मत मागायला येणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा, बाळंतिणीच्या खर्चाबद्दल तुम्ही सभागृहात कधी, काय बोललात? कामकाज छापलेलं असतं. तारीख सांगा, आम्ही वाचून घेऊ. बोलला नसाल तर कधी बोलणार ते सांगा.

त्या बाईला आता दोन घरी काम मिळालं आहे, आधीपेक्षा कमी पैशांत. बाळ सासूकडे असतं. तिला मी ती दोन पानं मराठीत सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "एवढं तेव्हाच सांगून ठेवलंय? मग एवढी वर्षं हे लोक करत काय होते?"

येत्या सहा डिसेंबरला आम्ही काही जणी त्या दोन पानांच्या मराठी प्रती घेऊन शिवाजी पार्कच्या कडेला उभ्या राहणार आहोत. रांगेतल्या बायकांना देऊच. हार घेऊन येणाऱ्यांनाही एकेक देऊ. तुम्हीही या.